शिंगाची गाडी आणि मांडणीचे पाय

९ नोव्हेंबर १९६४

दिवाळी सरली आणि मी पुन्हा नोकरीला लागलो. पौडच्या शाळेत उभा जन्म कवायत शिकवली, निवृत्त झालो आणि गेलं वर्षभर हिच्या चुलीपाशी लुडबुड करत बसलो होतो. आज भात खरेदी-विक्री संघाच्या गोदामाचा ताबा घेतला. चेअरमन कुशाबाअण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, गोदामात शिस्त पायजे. तुमच्याबिगर ती कुनाला जमायची न्हाई." मला कौतुकाची हाव नाही, पण खरं बोलणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "आता तांदळाला कवायत शिकवनार व्हय?" आणि तोंडाला पदर लावून आत गेली. पेन्शनीत बसलेल्या नवऱ्याला पुन्हा काम मिळालं याचा तिला फार आनंद झालेला दिसतो. किती वाजता जाणार आणि किती वाजता येणार, हे तिने तीनदा विचारून घेतलं.

११ नोव्हेंबर

गोदाम पाहून घेतलं. अण्णांनी खडकीच्या लष्करी लिलावातून दोन वस्तू उचलून आणल्या आहेत. एक म्हणजे लोखंडी मांडण्या. छपराला टेकतील एवढ्या उंच, कप्पे कप्पे केलेल्या, आणि एकेका कप्प्यात भाताच्या पोत्यांची थप्पी मावते. दुसरी वस्तू फोर्कलिफ्ट नावाची गाडी. तिला पुढे दोन लोखंडी शिंगं आहेत. फळ्यांच्या चौकटीवर पोती रचायची, शिंगं खाली घालायची, की गाडी ते ओझं उचलून वरच्या कप्प्यात नेऊन ठेवते. गेणबा हमालाने पहिल्याच दिवशी तिला "शिंगाची गाडी" म्हटलं आणि आता सगळं पौड तेच म्हणतं.

गाडी चालवायला बीबीजानचा इलाही आहे. बाजारात तंबाखूचं दुकान आहे ना, तिचा मुलगा. माझाच विद्यार्थी. खडकीच्या डेपोत तो हीच गाडी बरीच वर्षं चालवत होता. आईला डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून ती नोकरी सोडून घरी आला. एकुलता एक आहे, इथलं काम गेलं तर त्याला पुन्हा आईला टाकून खडकी नाहीतर मुंबई गाठावी लागेल. मला बघताच गाडीवरून उडी मारून ताठ उभा राहिला. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी पोराच्या टाचा जुळलेल्या होत्या. मला भरून आलं.

मी गाडीबद्दल विचारलं तेव्हा मात्र म्हणाला, "गुरुजी, हिची फुडची चाकं वळत न्हाईत, मागची वळत्यात. म्हंजे शिंगं जातील डावीकडं, तर हिचं ढुंगान जातंय उजवीकडं. ते संबाळावं लागतंय." मी त्याला सभ्य शब्द वापरायला सांगितलं. तो "जी" म्हणाला आणि विषय तिथेच संपला.

१३ नोव्हेंबर

आज गालबोट लागलं. मी आत येऊन बघत उभा होतो, आणि इलाही गाडी वळवत असताना दुसऱ्या मांडणीच्या पायाला धक्का बसला आणि पाय वाकला. मांडणीचा पाय म्हणजे खेळ नव्हे. वर पोत्यांचा डोंगर असतो. एक पाय दुमडला तर अख्खी मांडणी बसेल आणि खाली असेल त्याचा भुगा होईल.

मी लगेच उपाय केला. यापुढे गाडी चालू असेल तेव्हा मी स्वतः तिच्यासमोर उभा राहणार, शिटी वाजवणार आणि हाताने इशारे देणार. चालवणाऱ्याने माझ्याकडे बघायचं. कवायतीचं पहिलं सूत्रच ते आहे, नजर समोर. शाळेत जो मान वळवायचा त्याला मी पटांगणाला चकरा मारायला लावायचो. इलाही तेव्हा सगळ्यांत जास्त धावला असेल. त्याला मी त्याची आठवण करून दिली तेव्हा तो हसला, पण त्याचं हसणं जरा कसनुसं होतं.

१४ नोव्हेंबर

मी समोर असूनही पुन्हा लागलं. थोडंसंच, पण लागलं. आणि नवल म्हणजे मांडणीचा आतल्या बाजूचा, गाडीच्या मागे असलेला पाय खरचटला. मी समोर, शिंगं समोर, इलाहीची नजर माझ्या शिटीवर खिळलेली, तरी मागच्या पायाला लागलंच कसं, ते काही कळेना. माझ्या मते त्या लोखंडातच खोट आहे. लिलावातला माल तो.

तरी खबरदारी म्हणून जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या. खो-खोच्या मैदानासारखं गोदाम शोभून दिसायला लागलं. गेणबा रेघेवर उभा राहून म्हणाला, "मास्तर, मी गडी बाद झालो का हाय अजून?" मी लक्ष दिलं नाही.

१९ नोव्हेंबर

रेघांनी गुण येत नाही. मग दुसरी युक्ती काढली. मांडणीच्या सगळ्या पायांना भाताच्या पेंढ्याची जाड गुंडाळी केली आणि वर सुतळीने आवळलं. धक्का बसला तरी पेंढ्याला बसेल. दिवसभर खपलो, हातांना फोड आले. काम इतकं देखणं झालं की अण्णांना बोलावून दाखवावंसं वाटलं.

अण्णा आले, पण त्याआधी कोळवणहून भात घेऊन आलेल्या गाड्या दारात सुटल्या होत्या. आम्ही चहा घेत होतो तेवढ्यात बैल आत शिरले आणि दारालगतच्या मांडणीचे पाय खाऊन मोकळे झाले. त्यातली एक जोडी अण्णांचीच होती. अण्णा बराच वेळ बैलांकडे बघत राहिले. "मास्तर," ते म्हणाले, "बैलं खूश हायेत. आता मांडन्यांचं काय ते बगा."

२३ नोव्हेंबर

आज तिसऱ्या मांडणीचा पाय चांगलाच वाकला. पुन्हा मागचाच. मी इतक्या जोरात शिटी वाजवली की बाजारातली माणसं धावत आली.

इलाही खाली उतरला आणि म्हणाला, "गुरुजी, एक बोलू का?" मी म्हटलं, "बोल, पण नीट उभा राहून बोल." तो नीट उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "काय न्हाई. चुकलंच माजं." चूक कबूल करणारा मुलगा आहे, हे माझ्या शिकवण्याचंच फळ. पण चुका थांबत नाहीत त्याला काय करावं.

गेणबा कोपऱ्यात तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "मास्तर, तुमचा घसा दुखत आसंल. जरा भाईर सावलीत बसा की." हमाल असून मनाने किती हळवा आहे.

२५ नोव्हेंबर

धाकट्या लेकीच्या मुलाचं बारसं आहे, म्हणून उद्या आम्ही दोघं कासारसाईला जातो आहोत. गोदाम सोडून जायला जीव होत नव्हता. जाण्याआधी पक्का बंदोबस्त केला. ऐनाच्या लाकडाचे ओंडके आणून प्रत्येक मांडणीच्या दर्शनी कोपऱ्यात पुरले, कमरेएवढे उंच. शत्रू येणार तो समोरून, तेव्हा तटबंदीही समोरच हवी. आता गाडी हत्तीच्या बळाने आली तरी ओंडका हलायचा नाही.

इलाहीने विचारलं, "गुरुजी, यातलं एकदोन मागं रवलं तर?" मी त्याला तटबंदी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली.

३० नोव्हेंबर

कासारसाईहून परत आलो. बारसं थाटात झालं. नातवाला मी पाळण्यातच सावधान करून पाहिलं, तर तो रडायला लागला आणि लेकीने मला अंगणात पाठवलं.

गोदामात येऊन आधी मांडण्या तपासल्या. एकाही पायाला ओरखडा नाही. मी नव्हतो त्या दिवसांत कोळवणचा निम्मा भात आत आला आणि रचून झाला, सगळ्यांत वरचे कप्पे भरले, पण कुठे धक्का म्हणून नाही. ओंडक्यांनी गुण दिला. त्यांच्यावरही साधा चरा नव्हता, म्हणजे नुसत्या त्यांच्या धाकानेच काम झालं.

गेणबा म्हणाला, "मास्तर, आनिक आठ दिस ऱ्हायचं हुतं की लेकीकडं. आमी हितं संबाळलं आसतं." लोक माझ्यावर एवढी माया करतात हे मला ठाऊक नव्हतं.

१ डिसेंबर

सकाळी मी समोर उभा राहिलो, शिटी वाजवली आणि पहिल्याच फेरीला चौथ्या मांडणीचा मागचा पाय वाकला. दर्शनी ओंडके तसेच्या तसे उभे.

नेमके त्याच वेळी अण्णा दारात होते. ते इलाहीला काही बोलले नाहीत, मला बाजूला घेऊन बोलले. "मास्तर, नव्या पायाला लोखंड कुटनं आनू? संचालक मंडळ माज्या डोक्यावर बसलंय. आता आनिक एक पाय वाकला की इलाहीला रजा. दुसरा मानूस बगतो." मी म्हटलं, पोरगा गुणी आहे. अण्णा म्हणाले, "गुनी हाय म्हनूनच आजवर ऱ्हायला."

संध्याकाळी बीबीजान काठी टेकत घरी आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. ओसरीवर बसून म्हणाली, "मास्तर, तुमी त्येचा कान धरा, पायजे तर मारा. पर त्येला हितंच ठेवा. खडकीला हुता तवा गाडीला साधा पोचा न्हवता पडला, सायबानं शाबासकी दिली हुती. आता माज्यापायी हितं आला आन् त्येचं हात कापाया लागलं. माजीच नजर लागली आसंल." तिचे डोळे पांढरे झाले आहेत. मी तिला म्हटलं, काळजी करू नकोस, उद्यापासून मी त्याच्यावर दुप्पट लक्ष ठेवतो.

हिने बीबीजानला चहा दिला, पण माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला कारण कळेना.

२ डिसेंबर

सकाळी चुलीवर दूध होतं. मी हिला इलाहीची सगळी हकीकत सांगत होतो. ती समोर बसून ऐकत होती आणि मागे दूध उतू गेलं. मी म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं?

"तुमच्याकडं," ही म्हणाली. "तुमी बोलाया लागलासा की दुसरीकडं बगाची सोय न्हाई. लगेच 'इकडं बघ' म्हनता. लगीन झाल्यापासनं किती दूध गेलं त्येचा हिसाब ठेवला आसता तर म्हस आली आसती."

बायका कुठला विषय कुठे नेतील सांगता येत नाही. गाडीचा आणि दुधाचा काय संबंध?

५ डिसेंबर

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

सकाळी मामलेदार कचेरीत काम होतं, म्हणून उशिरा येतो असं सांगून गेलो होतो. काम लवकर आटपलं. मागच्या दाराने गोदामात शिरलो तेव्हा गाडी चालू होती आणि इलाही ती उलटी घेत होता. त्याने कमरेतून वळून पूर्ण मागे तोंड केलं होतं, एक हात स्टिअरिंगच्या चाकावर, दुसरा पाठीमागच्या दांडीवर. गाडीचं ढुंगण (आता मीही हाच शब्द लिहितो, दुसरा सापडत नाही) दोन मांडण्यांमधून असं सरकत आलं की बोटभर इकडे नाही की तिकडे नाही. तो गुणगुणत होता. गेणबा पोत्यांवर पाय पसरून बसला होता आणि कुणी ओरडत नव्हतं. मी दाराशीच उभा राहिलो आणि बघत राहिलो. एवढं सुरेख काम मी आयुष्यात थोडंच पाहिलं असेल.

तेवढ्यात इलाहीला मी दिसलो.

त्याचं गाणं थांबलं. पाठ ताठ झाली, मान फिरली आणि नजर समोर गेली. मी शिटी वाजवली नव्हती, एक शब्द बोललो नव्हतो, मी तर त्याच्या मागच्या बाजूला होतो. पण मास्तर आले म्हटल्यावर त्याची मान आपोआप पुढे गेली. आणि गाडी मागे येतच राहिली. धाडकन आवाज झाला आणि पहिल्या मांडणीचा पाय वाकला.

गेणबाने माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याने थट्टा केली नाही.

६ डिसेंबर

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी इलाहीला घरी बोलावलं. तो कपड्यांची पिशवी बांधून आला होता, म्हणजे त्याने सगळं ठरवूनच टाकलं होतं. मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"समोर बघितलं की मागे लागतं, हे तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की गुरुजी. पर तुमी म्हनाला, नीट शब्द वापर. मला त्येला दुसरा शब्द सुचना." मग म्हणाला, "आन् तुमी समोर उबं आसताना मी पाठ कशी दावू? मनात आनलं तरी मान वळत न्हाई. खडकीला लई सायेब बगितलं, त्यातल्या कुनापुढं आसं हुत न्हवतं. तुमच्यापुढंच हुतंय."

मी आयुष्यभर ज्याचा अभिमान बाळगला ते असं समोर येऊन उभं राहिलं. माझा राग आला असता त्याला तर बरं झालं असतं, पण तो खालमानेने उभा होता आणि त्याच्या टाचा जुळलेल्या होत्या. मला फार लाज वाटली. पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली आणि हिच्याकडे दिली. हिने ती फळीवर ठेवली, घरच्याच डब्यासारखी, सहज.

८ डिसेंबर

अण्णा आले, सोबत दोन संचालकही. वाकलेला पाय बघून अण्णांनी नुसतं "इलाही" एवढंच म्हटलं. मी मध्ये पडलो आणि सांगून टाकलं की एकेक पाय माझ्यामुळे वाकला आहे.

"गाडी ह्यो चालवतो," अण्णा म्हणाले, "आन् पाय तुमच्यामुळं वाकतो? मास्तर, तुमी पोराला पाठीशी घालताय. शाळेत न्हाई घातलंत कदी ते आता घालताय."

"तो माझ्याकडे बघतो म्हणून मागचं बघत नाही," मी म्हटलं. संचालकांपैकी एकजण हसला. मी म्हटलं, "एक फेरी बघा. सगळ्यांत अडचणीच्या बोळातून, भरल्या पोत्यांनिशी. पाय वाकला तर दोघांनाही रजा द्या."

इलाही गाडीवर चढला. मी ठरवल्याप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, त्याच्याकडे पाठ. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, पण ती जागची हलेना. मला वाटलं होतं पाठ फिरवली की झालं. पण त्याला माझी पाठही पुरेशी होती. तो ताठ बसला असणार आणि समोर बघत असणार, हे मला न बघता कळत होतं. त्याला वाट बघायची सवय मीच लावली होती. तो हुकमाची वाट बघत होता.

इतकी वर्षं मी सावधान म्हटलं, विश्राम म्हटलं, दहिने मूड, बाएं मूड, सगळं म्हटलं. जे आज म्हणायचं होतं त्याचा हुकूमच कवायतीत नाही. मी पोटातून आवाज काढला, पटांगणावर काढायचो तसा, आणि भिंतीला म्हटलं, "इलाही. नजर मागे."

थोडा वेळ काही झालं नाही. मग गाडी हलली. मला चाकांचा आवाज येत होता, लोखंडी साखळीची कुरकुर येत होती. मागे वळून बघायची इतकी ओढ लागली की मान दुखायला लागली. एवढ्या मुलांना मान वळवू नका म्हणून सांगितलं, पण ते इतकं अवघड असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धक्क्याचा आवाज ऐकायला जीव कानात गोळा करून उभा राहिलो. तो आलाच नाही. चौकट कप्प्यात टेकल्याचा आवाज आला, शिंगं खाली आल्याचा आला आणि गाडी बंद झाली.

मग अण्णा म्हणाले, "मास्तर, वळा आता. झालं."

मी वळलो. मांडण्या उभ्या होत्या. इलाही अजून मागेच बघत बसला होता. मी दुसरा हुकूम दिला नव्हता ना.

अण्णांनी त्याला ठेवून घेतलं. मला म्हणाले, "तुमी भाईर टेबल टाकून बसा. आत येनाऱ्या गाड्यांची रांग लावा, बैलं आत शिरू देऊ नका. तितं शिट्टी फुंका किती फुंकायची ती." बैलांना शिस्त लागेल की नाही याची मला शंका आहे, पण काम मी स्वीकारलं.

१२ डिसेंबर

इलाही, गेणबा आणि मी मिळून ओंडके उपटले आणि मांडण्यांच्या आतल्या बाजूला, मागच्या पायांपाशी रोवले. कुठे रोवायचे ते इलाहीने गाडी वळवून दाखवलं. मी खड्डे खणले. गेणबाने विचारलं, "मास्तर, आता शत्रू कुटनं येनार?" मी म्हटलं, शत्रू बाहेर टेबलाशी बसला आहे. तो इतका हसला की त्याचं खोरं हातातून पडलं.

बीबीजान येऊन गेली. तिला मी सगळं सांगायला लागलो तर म्हणाली, "ठावं हाय मला. तुमच्या मंडळींनी त्याच दिशी कानात सांगितलं." म्हणजे हिला पहिल्यापासून कळलं होतं. घरी हिला विचारलं तर म्हणाली, "मी सांगितलं आसतं, पर दूध उतू गेलं तवा तुमी माज्यावरच वराडलासा."

दुपारभर मी दारात बसून होतो. इलाही भरल्या चौकटी घेऊन माझ्यासमोरून येत होता, जात होता, कमरेतून वळून, मागे नजर लावून, गुणगुणत. कितीतरी वेळा गेला. एकदाही त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी खुर्चीत बसून त्याच्या पाठीकडे बघत राहिलो, आणि मला फार बरं वाटलं.